झुरिक ते मिलान: पंचावन्न मिनिटांचं विमान आणि गॉटहार्डचा घाट

झुरिक आणि मिलान यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे २२० किलोमीटर, साधारण पुण्याहून सोलापूर. विमानाच्या तिकिटावर पंचावन्न मिनिटं ते एक तास असा वेळ असतो. मोटारीने हेच अंतर २८० किलोमीटरच्या आसपास भरतं आणि थेट रेल्वे सव्वातीन तासांत पोचवते. पण या दोन शहरांच्या मध्ये आल्प्स आडवा पसरलाय. भाचा झुरिकला नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितलं होतं, "मावशी, मिलानला विमानानेच जा. तासाभरात पोचाल. उगाच काकांना कशाला दमवतेस?"

माझे वडील रेल्वेत होते, कर्जतला. बोरघाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिनं मी लहानपणी रोज पाहिली. आल्प्समधल्या गॉटहार्डच्या जुन्या रेल्वेघाटातून एकदा तरी जायचं, ही इच्छा तेव्हापासूनची. त्यामुळे बेत पक्का होता: जाताना जुन्या घाटाने, थांबत थांबत, आणि येताना डोंगराच्या पोटातल्या नव्या बोगद्यातून. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता.

गुरुवार: झुरिक

दिवसभर पाऊस. झुरिकच्या मुख्य स्टेशनाबाहेर कारंज्यावर एक उंच पुतळा आहे, आल्फ्रेड एशरचा. बहुतेक लोक त्याच्यासमोर ट्रामची वाट बघत उभे असतात. गॉटहार्डला जाणाऱ्याने मात्र त्याच्याकडे नीट बघावं. झुरिकचं तंत्रविद्यापीठ उभं करण्यात याचा पुढाकार होता. १८५६ मध्ये याने जी बँक काढली तीच पुढची क्रेडिट सुईस, जी २०२३ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली. गॉटहार्ड रेल्वेचा पहिला अध्यक्षही हाच. खर्च अंदाजाबाहेर गेला तेव्हा सगळ्यांनी बोट याच्याकडे दाखवलं आणि १८७८ मध्ये त्याला पद सोडावं लागलं. १८८० मध्ये बोगद्याची दोन टोकं जुळली त्या समारंभाला त्याला बोलावलंसुद्धा नाही. १८८२ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो गेला. पुतळा उभा राहिला १८८९ मध्ये. मला हे फार लागलं. ज्याने उभ्या देशाला दक्षिणेचं दार उघडून दिलं, त्याच्या वाट्याला हयातीत हे यावं!

रात्री भाच्याच्या बायकोने आल्पलरमाग्रोनेन केलं होतं: मॅकरोनी, बटाटा, चीज, वर परतलेला कांदा आणि सोबत सफरचंदाचा गोडसर गर. डोंगरातल्या गुराख्यांचं जेवण. चीजबरोबर सफरचंद कसं लागेल अशी ह्यांना शंका होती, पण त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

शुक्रवार: जुना घाट

जुन्या मार्गाने जाणाऱ्या गाडीचं नाव ट्रेनो गोटार्डो. तांब्याच्या रंगाची, मोठमोठ्या खिडक्यांची, डिसेंबर २०२० पासून धावणारी. झुरिकहून निघते तेव्हा उजव्या हाताची खिडकी धरावी. आधी त्सुगचं सरोवर त्याच बाजूला येतं, मग ब्रुनेन ते फ्ल्यूएलेन हा उरी सरोवराचा काठ. पाऊस थांबला नव्हता, ढग पाण्याला टेकले होते, तरी आम्ही दोघं खिडकीला नाक लावून बसलो होतो. फ्ल्यूएलेनच्या पुढे आल्टडॉर्फ. दंतकथेतला धनुर्धर विल्यम टेल याच भागातला मानतात आणि चौकात त्याचा १८९५ चा पुतळा आहे. तो रिचर्ड किसलिंगने घडवला, ज्याने स्टेशनापुढचा एशर घडवला त्यानेच.

एर्स्टफेल्डला गाडी थांबली आणि माझं मन कर्जतला गेलं. दोन्हीकडे सखल भाग इथे संपतो. वजनदार मालगाड्यांना जोडीचं इंजिन याच स्टेशनात लागत असे, त्यासाठी इथे मोठी इंजिनशेड. 'मगर' या नावाने प्रसिद्ध असलेलं लांब नाकाचं जुनं विजेचं इंजिन स्टेशनाजवळ जपून ठेवलंय. समोरच्या बाकावर एक आजोबा चढले होते, इथल्याच शेडमध्ये आयुष्य गेलेले. त्यांचं इंग्रजी थोडं, माझं जर्मन शून्य, पण चढाव आणि इंजिन यावर बोलायला दोघांनाही अडचण आली नाही. मी फोनवर बोरघाटाचे फोटो दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न केला, चढ किती? मी म्हटलं, सदतिसाला एक. त्यांनी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला: हजाराला सत्तावीस. मग स्वतःच्या घाटाकडे बोट करून म्हणाले, "सेम! सेम!" खरंच, गॉटहार्डचा सर्वांत तीव्र चढ तेवढाच आहे. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला आणि १८८२ मध्ये गॉटहार्ड. दोन खंडांतल्या अभियंत्यांनी वाफेच्या इंजिनाच्या ताकदीचा अंदाज घेऊन एकच आकडा गाठला होता.

चढावर दरी अरुंद होते तेव्हा उंची गाठायला जागा उरत नाही. बोरघाटात यासाठी पूर्वी गाडीची दिशा उलटी करणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. इथे त्यांनी रूळ डोंगराच्या आत गोल फिरवले आहेत. गाडी बोगद्यात शिरते, आतल्या आत वळसा घेते आणि बाहेर येते तेव्हा वरच्या मजल्यावर असते. वासेन गावाचं पांढरं चर्च हा याचा पुरावा. पहिल्यांदा ते मान वर करून बघावं लागतं, दुसऱ्यांदा जवळपास डोळ्यांच्या पातळीवर येतं, तिसऱ्यांदा खाली दिसतं. चर्च हलत नाही, आपण चढत असतो. आजोबा दर वेळी नेमक्या क्षणी "जेत्स्त!" म्हणजे "आता!" म्हणत खिडकी दाखवत होते. आयुष्यात किती वेळा पाहिलं असेल त्यांनी ते चर्च, तरी उत्साह बघण्यासारखा.

गोशेनेनला आम्ही उतरलो. इथून दातेरी रुळावरची छोटी गाडी दहा-पंधरा मिनिटांत आंडरमाटला चढते. आंडरमाटहून सैतानाच्या पुलापर्यंत चालत जाता येतं. रॉइस नदी इथे कड्यांमधून एवढ्या आवाजात कोसळते की शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं. पूल बांधता येईना म्हणून लोकांनी सैतानाला साकडं घातलं, त्याने मोबदल्यात पहिला पार होणारा जीव मागितला, आणि गावकऱ्यांनी एक बोकड पुढे हाकलला, अशी गोष्ट. चिडून सैतानाने उचललेला धोंडा खाली गोशेनेनजवळ आहे. विसाव्या शतकात महामार्ग आला तेव्हा लोकांनी तो फोडू दिला नाही, आख्खाच्या आख्खा बाजूला सरकवून घेतला.

थंडी बोचरी होती. स्टेशनाजवळ बार्लीचं गरम सूप मिळतं. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं, त्यात बहुतेक वेळा सुकवलेलं मांस घालतात. आम्हाला विचारल्यावर बिनमांसाचं भाज्यांचं सूप दिलं.

गोशेनेनचं स्टेशन सोडलं की लगेच मोठा बोगदा, १५ किलोमीटरचा. बाहेर धुकं, रिमझिम, दोन-चार अंशांची थंडी. आत दहाएक मिनिटांचा अंधार. आणि पलीकडे आइरोलोला बाहेर पडलो तर निळंभोर आकाश आणि लख्ख ऊन! डब्यातल्या सगळ्यांनी एकदमच जाकिटं काढली. उत्तरेकडून येणारे ढग डोंगराच्या त्या अंगाला पाऊस टाकून रिकामे होतात आणि दक्षिणेला कोरडा वारा उतरतो. वारा दक्षिणेचा असला की नेमकं उलटं. इथले लोक म्हणूनच गॉटहार्डच्या दोन्ही बाजूंचं हवामान बघून मगच घराबाहेर पडतात. तुम्हीही तसंच करा.

आइरोलोला उतरायचं कारण मात्र ऊन नव्हतं. स्टेशनाजवळ विन्चेंझो व्हेला या शिल्पकाराचं 'श्रमाचे बळी' हे उठावशिल्प आहे. खाणकामगार आपल्या मेलेल्या सोबत्याला झोळीवरून बाहेर आणताहेत. व्हेलाने ते घडवलं बोगदा वाहतुकीला खुला झाल्याच्या सुमारास, कुणी मागितलं नसताना. ब्राँझमध्ये ओतून इथे बसवलं गेलं ५० वर्षांनी, १९३२ मध्ये. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते.

हा बोगदा खणायला १८७२ पासून जवळपास दहा वर्षं लागली. कंत्राटदार जिनिव्हाचा लुई फाव्र. कामगार बहुतेक सगळे उत्तर इटलीतले गरीब शेतकरी. आत उष्मा, सुरुंगांचा धूर, कमरेएवढं पाणी. शौचाची सोय नाही, त्यामुळे अंकुशकृमींची लागण होऊन माणसं पांढरीफटक पडत. तूरिनच्या डॉक्टरांनी याच कामगारांमध्ये त्या रोगाचं मूळ शोधलं. १८७५ मध्ये गोशेनेनला कामगारांनी काम बंद केलं, तेव्हा गोळीबारात चौघे मेले. अपघातांत गेलेल्यांची संख्या जवळपास दोनशे, आणि घरी परतून आजाराने गेले ते यात धरलेले नाहीत. फाव्र स्वतः जुलै १८७९ मध्ये बोगद्याची पाहणी करत असताना आतच कोसळला. सात महिन्यांनी, २९ फेब्रुवारी १८८० रोजी, दोन्ही बाजूंचे कामगार भेटले तेव्हा भोकातून सर्वांत आधी पलीकडे दिला गेला तो एका पत्र्याच्या डबीतला फाव्रचा फोटो. दोन टोकांमध्ये आडवा फरक फक्त ३३ सेंटिमीटरचा होता.

बोरघाटात हजारो मजूर पटकी आणि तापाने गेले. त्यांच्यासाठी खंडाळ्याला असं एखादं शिल्प असायला हवं. मी हे ह्यांच्याजवळ बोलले, आणि इथेही लिहून ठेवते, कारण मला ते मनापासून वाटतं.

संध्याकाळी फाइडो, पुन्हा दोन ठिकाणी डोंगराच्या आतले वळसे, बियास्का आणि मग बेलिंझोना. पाट्या इटालियन, घरांच्या भिंती पिवळ्या-गुलाबी, अंगणात केळीची झाडं. देश मात्र स्वित्झर्लंडच. रात्री गावाबाहेरच्या ग्रोटोमध्ये जेवलो. ग्रोटो म्हणजे या भागातली झाडांखालची खानावळ, ग्रॅनाइटची टेबलं आणि बाक. पोलेंटा आणि अळंबी मागवली. मक्याचा रवा तासभर ढवळत शिजवलेला, तांदळाच्या उकडीसारखा घट्ट, वर लोणी आणि रानातली अळंबी. सोबत लिंबाची गॅझोझा, म्हणजे इथला गोड सोडा. वाढणाऱ्या बाईंनी ह्यांना जास्तीचा पोलेंटा विचारलाच नाही, सरळ वाढला.

जुन्या घाटाने जायला बेलिंझोनापर्यंत नव्या मार्गापेक्षा सुमारे तासभर जास्त लागतो. या गाडीला जागा राखून ठेवणं सक्तीचं नाही, त्यामुळे वाटेत उतरून पुढची गाडी पकडता येते. गाड्या साधारण तासातासाने आहेत. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर हा सगळा प्रवास त्यातच येतो. सामान मात्र एकाच छोट्या बॅगेत मावेल एवढंच घ्या.

शनिवार: बेलिंझोना आणि सीमेपलीकडे

बेलिंझोना शनिवारीच बघावं, कारण शनिवारी बाजार भरतो. जुन्या गावातल्या गल्ल्यांतून चीज, मध, डोंगरातले सॉसेज आणि ऑक्टोबर असल्यामुळे चेस्टनट. भोकांच्या कढईत भाजलेले गरम चेस्टनट कागदाच्या पुडीत घेऊन आम्ही कास्टेलग्रांदे किल्ल्याच्या तटावर चढलो. गावावर तीन किल्ले आहेत आणि २००० पासून तिन्ही जागतिक वारशात. आल्प्स ओलांडून येणारा प्रत्येक जण याच चिंचोळ्या दरीतून जाणार, म्हणून मिलानच्या ड्यूकांनी दरीला आडवी भिंत घातली. वर उभं राहिलं की कारण डोळ्यांनी दिसतं. तटाखालून आजही रूळ आणि महामार्ग तिथूनच जातात.

दुपारच्या गाडीने चेनेरी बोगदा. १५.४ किलोमीटर, २०२० मध्ये खुला झालेला. त्याच्यामुळे लुगानो आता पंधराएक मिनिटांवर आलंय. लुगानोच्या पुढे सरोवरावरच्या बांधावरून गाडी जाते, तिथे बोलणं थांबवून बाहेर बघा. कियास्सो ही सीमा. दोन्ही देश शेंगेन या बिनतपासणी प्रवासाच्या करारात असले तरी पोलीस डब्यातून फिरतात, पासपोर्ट हाताशी ठेवा. युरोही इथूनच लागतात. सीमेपलीकडे जाणाऱ्या या गाड्यांना आसन राखून ठेवणं बंधनकारक आहे, तेवढं विसरू नका. कोमो, मॉन्झा, आणि बेलिंझोनाहून पावणेदोन तासांच्या आत मिलान सेंट्राले. १९३१ चं हे स्टेशन इतकं अवाढव्य की ह्यांनी फलाटावरच सामान खाली ठेवलं आणि मान वर करून पोलादी छत बघत राहिले. मधल्या कमानीचा पल्ला ७२ मीटरचा.

रविवार, सोमवार: मिलान

मिलानबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, मी दोनच गोष्टी सांगते. एक, केशराचा पिवळा रिसोतो, म्हणजे इटालियन मऊ भात, मागवताना नीट विचारा. पारंपरिक कृतीत हाडातली मज्जा आणि मांसाचा रस्सा असतो. भाज्यांच्या पाण्यात केलेला मिळतो, आम्हाला मिळाला, आणि तो उत्तम होता. दोन, कॅथेड्रलच्या छतावर सकाळी लवकर जा. संगमरवरी कळसांच्या जंगलात आम्ही उत्तरेकडे तोंड करून उभे होतो आणि आकाश स्वच्छ असल्यामुळे आल्प्सची सगळी रांग दिसत होती. मॉन्टे रोझाचा बर्फाळ माथा उन्हात गुलाबी. कालपरवा आपण त्या भिंतीच्या पलीकडून आलो, हे त्या छतावरून खरंच वाटत नव्हतं.

सोमवारी भाचा कचेरीच्या कामाने मिलानला आला आणि रात्री आमच्याच हॉटेलात राहिला. त्याचं परतीचं तिकीट कचेरीने विमानाचं काढलं होतं, आमचं रेल्वेचं. दोघांची निघायची वेळ जवळजवळ एकच.

मंगळवार: परत

सकाळी साडेआठला तिघे एकत्रच हॉटेलातून निघालो. सेंट्राले पाच मिनिटांवर. भाच्याने माल्पेन्सा विमानतळाची गाडी धरली, आम्ही झुरिकची.

माल्पेन्सा शहरापासून ५० किलोमीटरच्या आसपास आहे, तिथे पोचायलाच पाऊण ते एक तास. मग सुरक्षा तपासणी, दाराशी थांबणं, विमानाचं धावपट्टीपर्यंत सरकणं. तिकिटावरच्या पंचावन्न मिनिटांतही प्रत्यक्ष हवेत जेमतेम चाळीस. त्याचं विमान वेळेवर सुटलं आणि वेळेवर उतरलं. खिडकीतून आल्प्स फार सुंदर दिसला, असं तो म्हणाला.

आमची गाडी कियास्सो, लुगानो, बेलिंझोना करत बोदियोला डोंगरात शिरली. गॉटहार्डचा नवा बोगदा ५७.१ किलोमीटरचा, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा, १ जून २०१६ रोजी खुला झालेला. डोक्यावर काही ठिकाणी २,३०० मीटर जाडीचा खडक आणि आपण डब्यात कॉफी पितोय. वीस मिनिटांत एर्स्टफेल्ड. जुना बोगदा समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरवर, तर या नव्या बोगद्याचा सर्वांत उंच बिंदू ५४९ मीटर. म्हणजे आल्प्स ओलांडताना ही गाडी लोणावळ्याएवढीसुद्धा चढत नाही. वेग त्यामुळेच. याच्या कामात नऊ जण गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये इथे मालगाडी रुळावरून घसरली आणि बोगदा पूर्ववत व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. त्या वर्षभरात प्रवासी गाड्यांना १८८२ च्या घाटानेच सावरून घेतलं.

साडेबाराच्या सुमारास आम्ही झुरिकच्या फलाटावर होतो. भाच्याचा फोन आला तेव्हा तो विमानतळावर होता. तिथून शहरात यायला रेल्वेने बाराएक मिनिटं लागतात, पण विमानातून उतरून त्या फलाटापर्यंत येण्यातही वेळ जातो. आमच्यापेक्षा तासाभराने तो घरी पोचला, तोवर मी भात टाकला होता.

दोन मध्यवर्ती स्टेशनं गाठायची असतील तर रेल्वेच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात काही शंका उरलेली नाही. विमान कामाचं ठरतं ते एका बाबतीत. मिलानहून झुरिकमार्गे मुंबईचं एकाच आरक्षणातलं तिकीट असेल तर सामान थेट मुंबईपर्यंत जातं आणि शहरात यायची गरजच पडत नाही. अशा वेळी दिवसाचं विमान निवडा, खिडकीची जागा मागून घ्या, आणि जातानाचा एक दिवस ट्रेनो गोटार्डोसाठी आधीच राखून ठेवा.